कूलरसमोरचा साहेब

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर, भिंतीचा रंग ताटाएवढा निघालेला आहे. तिथे ओल नाही, गळती नाही. तो रंग वसंतभाऊंनी काढला. बाजारातून आले की त्या वळणावर दम खायला थांबायचे आणि थांबल्या थांबल्या नखानं एक पापुद्रा उचलायचे. सुरुवातीला तो डाग रुपयाएवढा होता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा हेच सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले, "पेंटरनं चुना लावला जी आपल्याले!" वसंतभाऊ आता नाहीत. मध्यंतरी पेंटर आला होता, पण त्या जागेला हात लावू नको असं मी त्याला सांगितलं.

वसंतभाऊ ढोमणे मूळचे काटोलकडचे. नागपूरला कळमन्याच्या बाजारात त्यांची संत्र्यांची अडत होती. गावाकडचे बागायतदार माल घेऊन यायचे, हे तो बोली लावून विकून द्यायचे. नंदनवनातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते माझ्या बरोबर वरच्या घरात राहत. हिवाळ्यात त्यांच्याकडे गेलं की चहाच्या आधी संत्रं यायचं, आणि ते स्वतः सोलून द्यायचे. अख्ख्या संत्र्याची साल एका तुकड्यात काढायची, फोडी पदराआड लपवल्यासारख्या पाठीमागे धरायच्या, आणि रिकामी साल पुन्हा मिटवून पाहुण्यापुढे ठेवायची. पाहुण्यानं बोट लावलं की आत नुसती हवा. मग वसंतभाऊ असे हसायचे की जणू हा विनोद त्यांना आजच सुचला आहे.

सोलणं हा त्यांचा धंदा नव्हता, पण ती त्यांची खोड होती. बाटलीवरचं लेबल, वहीवरचा कागद, जखमेवरची खपली, काहीही त्यांच्या तावडीतून सुटायचं नाही. आमच्याकडे नवं वॉशिंग मशीन आलं तेव्हा ते अभिनंदनाला आले. चहा होईपर्यंत बटणांवरची पातळ फिल्म काढून त्यांनी तिची सुरळी केली होती.

"भाऊ, ती राहू द्यायची होती," मी म्हटलं.

"काहून जी ताई? लगन झाल्यावर नवरी बाशिंग बांधून फिरते का?"

फिल्मबरोबर तिच्यावर छापलेली बटणांची नावंही गेली होती. ते लक्षात आल्यावर "सोपं काम हाय जी" म्हणाले आणि स्केचपेननं अंदाजानं नावं लिहून दिली. 'सोपं काम हाय' हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं की सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, प्लंबरला किंवा इलेक्ट्रिशियनला फोन लावायला उठायच्या. आमच्या मशीनमध्ये अजून स्वेटर धुवायचा तर 'सुती' दाबावं लागतं.

पण हीच घाई दुसऱ्याच्या अडचणीतही असायची, हेही सांगितलं पाहिजे. माझ्या आईला रात्री अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा मी कुणाला हाक मारावी असा विचार करेपर्यंत वसंतभाऊ खाली ऑटो घेऊन उभे होते. पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. पुढे आई घरी येईपर्यंत डबा त्यांच्याकडून आला आणि मी नको म्हणाले की ते जिना उतरायला लागायचे. नको ऐकायलाही त्यांना वेळ नसे.

या स्वभावाची ठेच त्यांना एकदाच लागली, पण जोरात लागली. केतकी ही त्यांची एकुलती एक मुलगी. शिकली, नोकरीला लागली. काटोलकडच्या एका बागायतदाराचा मुलगा वसंतभाऊंना पसंत पडला. बाजारात माल पाहिल्यावर शब्द द्यावा तसा त्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला आणि मग घरी येऊन मुलीला सांगितलं. खाली मला सगळं ऐकू येत होतं. केतकी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मला विचारलं का तुम्ही? बाबा, मला विचारलं का?" वसंतभाऊंचं म्हणणं, मुलगा चांगला आहे तर विचारायचं काय. ते स्थळ मोडलं, केतकीनं पुण्याला नोकरी धरली आणि बापलेकीचं बोलणं बंद झालं.

जाताना ती एक काचेची पेटी मागे ठेवून गेली. तिच्यात एक सरडा होता. साधा कुंपणावरचा नव्हे, ऑस्ट्रेलियाकडचा, हातभर लांब, बिस्किटाच्या रंगाचा, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेला. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात त्याला. केतकीनं तो रीतसर नोंद करून पाळला होता आणि त्याचं नाव बिस्किट ठेवलं होतं. पुण्याच्या घरमालकानं फोटो पाहून "मगर चालणार नाही" असं कळवलं, म्हणून तो नागपुरात राहिला.

इतकी वर्षं तिच्या खोलीत असलेला हा प्राणी हॉलमध्ये आला आणि वसंतभाऊंनी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. तो दिव्याखालच्या दगडावर हनुवटी वर करून बसायचा. समोर कुणीही येवो, अर्ज घेऊन आलेल्या माणसाकडे पाहावं तसा पाहायचा आणि मग एक डोळा मिटायचा. "हा बिस्किट नोहे जी, हा साहेब हाय," वसंतभाऊ म्हणाले. तेव्हापासून सगळी बिल्डिंग त्याला साहेब म्हणायला लागली. सुमनवहिनी त्याच्यासाठी भोपळा किसायच्या, शेवग्याचा कोवळा पाला निवडून द्यायच्या, पण पेटीच्या जवळ जायच्या नाहीत. त्याच्या खाण्यातल्या किड्यांचा डबा त्यांनी बाल्कनीत ठेवायला लावला होता. "माही सासूबी एवढी नखऱ्याची नव्हती वं माय," असं मला दारात सांगायच्या.

वसंतभाऊंनी पहिल्याच आठवड्यात साहेबापुढे संत्र्याची फोड धरली. साहेबानं जिभेचं टोक लावलं आणि तोंड फिरवलं. केतकीकडून आईमार्फत निरोप आला की त्याला आंबट फळं द्यायची नसतात. वसंतभाऊंना ते फार लागलं. "माह्या घरात राहून संत्रं खात नाही! म्या काय विकून राहिलो मंग इतके वर्सं?"

रोज संध्याकाळी केतकीचा व्हिडिओ कॉल यायचा, तो आईच्या फोनवर आणि साहेबासाठी. वहिनींना पेटीजवळ जायची भीती, म्हणून फोन धरायला वसंतभाऊ. कॅमेरा साहेबावर, वसंतभाऊ फोनच्या मागे. मी तेव्हा शाळेतून निवृत्त झाले होते आणि संध्याकाळचा चहा पुष्कळदा वरच व्हायचा, त्यामुळे तो संवाद मला पाठ आहे.

"खाल्लं?"

"खाल्लं."

"काय?"

"भोपळा. अन् पाला."

"शी केली?"

"केली."

"बरं."

फोन बंद. बापलेकीचं दिवसभरातलं बोलणं एवढंच. पण या एवढ्यासाठी वसंतभाऊ बाजारातली शेवटची गाडी मुनिमावर सोपवून घरी यायचे.

मग मे महिना आला. नागपूरचा मे ज्यानं काढला आहे त्याला सांगायला नको. खिडकीतल्या कूलरला नवं गवत लागलं, ओल्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, वास घरात भरला. आणि भर दुपारी वसंतभाऊंचं लक्ष साहेबाच्या डोक्यावरच्या दिव्याकडे गेलं. बाहेर आग, आणि या लेकराच्या डोक्यावर आणखी दिवा! माणसानं भट्टीत बसावं आणि वरून कुणी शेगडी पेटवून ठेवावी तशातला प्रकार. त्यांनी दिवा बंद केला. पेटी उचलून कूलरच्या झोतासमोर ठेवली. आमच्याकडे उन्हात बाहेर पडताना खिशात कांदा ठेवतात, म्हणजे ऊन लागत नाही. साहेबाला खिसा नव्हता, म्हणून एक छान पांढरा कांदा त्यांनी पेटीच्या कोपऱ्यात ठेवला.

मला कौतुकानं दाखवलं. "पहा न जी ताई, कसा शांत झोपला!"

मलाही ते बरोबरच वाटलं. नागपुरात जन्मलेल्या माणसाला कूलरसमोर झोपलेला जीव सुखी वाटणार नाही तर काय वाटेल? पण साहेब झोपला नव्हता, थंडीनं गळाला होता. त्याचं खाणं कमी झालं, मग बंद झालं. त्यातच त्याची कात टाकायची वेळ आली. अंगावरची जुनी कातडी पांढुरकी पडली, पाठीवरून चार-दोन तुकडे गळाले आणि काम तिथेच अडलं. शेपटीच्या टोकाला आणि मागच्या पायाच्या दोन बोटांना ती कातडी अंगठीसारखी आवळून वाळली.

वसंतभाऊंना काहीतरी बिघडलंय हे कळलं होतं. पण मुलीला सांगण्याऐवजी त्यांनी माल लावताना करतात तेच केलं. चांगली बाजू वर. रोज फोन साहेबाच्या तोंडाजवळ धरायचा, शेपटी दिसू द्यायची नाही. "खाल्लं?" "खाल्लं." मी चहाचा कप तोंडाला लावून गप्प.

एका संध्याकाळी केतकी म्हणाली, "बाबा, त्याच्यामागे ते पांढरं काय आहे?"

"कांदा हाय."

"कांदा? पेटीत कांदा काहून आहे?"

"ऊन लागू नये म्हून."

मग ती म्हणाली, "दिवा बंद आहे का? बाबा, शेपटी दाखवा."

वसंतभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि फोन हळूहळू शेपटीकडे नेला. केतकी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मला विचारायचं होतं न बाबा," ती म्हणाली. "एकदा विचारायचं होतं. तुम्ही कधीच विचारत नाही." आणि फोन बंद झाला. दुसऱ्या संध्याकाळी कॉल आला नाही.

त्यानंतरच्या सकाळी वसंतभाऊ माझ्या दारात उभे. बाजाराची वेळ, तरी बाजारात गेले नव्हते.

"ताई, तुमची गाडी हाय न जी? साहेबाले डॉक्टरकडे न्याचं हाय. स्कूटरवर कसा नेऊ?" आणि मग, "तो गेला तर पोट्टीचा फोनबी जाईन. मंग ती कोणासाठी करन फोन?"

इतक्या वर्षांत त्यांचा आवाज असा मी ऐकला नव्हता. मी किल्ली घेतली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कुत्र्या-मांजरांच्या गर्दीतून त्यांनी आम्हाला आत घेतलं. कूलरची हकीकत ऐकून त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. म्हणाल्या, "काका, माझ्या आईनंही हेच केलं असतं." मग सगळं समजावलं. याचं अंग बाहेरच्या उबेवर चालतं. ऊब नसेल तर अन्न पचत नाही, आणि कात टाकायलाही जोर लागतो, तो कुठून येणार? दिवा लावा, कूलरपासून दूर ठेवा, रोज कोमट पाण्यात पोटापर्यंत बसवा म्हणजे कातडी मऊ पडेल.

"सोपं काम हाय," वसंतभाऊ सवयीनं म्हणाले.

"एकच अवघड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ओढायचं नाही. सुटत आलेली दिसली तरी नाही. खालची कातडी कोवळी असते, ती फाटते. आपली आपण निघू द्या. शेपटीचं टोक काळं पडलं तर मात्र कापावं लागेल, आणि तो खात नाहीये, त्याला ते सोसेल की नाही हे मी आज सांगू शकत नाही."

गाडीत परत येताना वसंतभाऊ आपल्या हातांकडे असे पाहत होते की जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

घरी आल्यावर त्यांनी केतकीला फोन लावला. स्वतःहून, स्वतःच्या फोनवरून. मी तिथेच होते. "डॉक्टरनं हे हे सांगतलं. पाणी किती गरम ठेवू? तू सांग," एवढं म्हणाले. पलीकडून ती मग म्हणाली, "मनगटावर घेऊन पाहा. कोमट लागलं की पुरे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हॉलमध्ये साहेबाची आंघोळ सुरू झाली. परातीत कोमट पाणी, त्यात हात टेकायला एक दगड, त्यावर साहेब. फोन तांब्याला टेकवून ठेवलेला, त्यात पुण्याहून केतकी. आणि स्टुलावर बनियन घालून वसंतभाऊ, हात पाठीमागे बांधून. पाण्यात मऊ झालेल्या कातडीची कड सुटायला लागली की त्यांची बोटं पाठीमागे वळवळायची. हा छळ वहिनींना पाहवला नाही. त्यांनी आतून लसणाचं टोपलं आणून पुढ्यात ठेवलं. "हे सोला."

मग ते लसूण सोलायला लागले. डोळे साहेबावर, बोटं लसणावर. आंघोळ संपली की साबणानं हात धुऊन, वास घेऊन पाहून, मग साहेबाला उचलायचं. त्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी लसूण सोलला नाही. प्रत्येक घरात वरून वाटी यायची. पावसाळा लागला तरी माझ्या फ्रिजमध्ये लसणाची चटणी होती.

साहेब दिव्याखाली पुन्हा हनुवटी वर करायला लागला. एक दिवस पाल्याचं एक पान खाल्लं, तर वसंतभाऊंनी बिल्डिंगभर सांगितलं. बोटांवरची एक अंगठी सुटली, दुसरीबरोबर नख गेलं. शेपटीचं टोक तसंच राहिलं, आवळलेलं आणि करड्या रंगाचं. काळं पडलं की नाही यावर आम्ही रोज चष्मे पुसून वाद घालायचो.

एका संध्याकाळी ती कातडी शेपटीवर निम्मी उलटलेली दिसली. एवढीशी कड पाण्यात तरंगत होती. कुणालाही वाटलं असतं की चिमटीत धरली की सुटेल. वसंतभाऊंनी लसूण खाली ठेवला. हात धुतले. परातीवर वाकले आणि ती कड खरंच चिमटीत धरली. वहिनी "अवो" म्हणाल्या. फोनमध्ये केतकी पुढे वाकली. साहेबानंही मान वळवून पाहिलं. कितीतरी वेळ ते तसेच वाकून होते. मग त्यांनी बोटं उघडली.

"नाही जी," ते म्हणाले. "निंघन तवा निंघन."

स्टुलावर परत बसले, लसूण हातात घेतला, पण सोलला नाही. आणि साहेबाकडेच पाहत म्हणाले, "केतू, तुह्या लगनाचं म्या तुले न इचारता हो म्हणलं. मले वाटलं, चांगलंच करून राहिलो. इचाराले पाह्यजे होतं. माहं चुकलं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी उठून जावं की बसावं ते मला कळेना, म्हणून बसून राहिले. फोनमध्ये केतकीचा चेहरा मला दिसत होता. त्यांना दिसत नव्हता, त्यांच्याकडे फोनची पाठ होती.

"बाबा," ती म्हणाली, "फोन तुमच्याकडे फिरवा."

"काहून? साहेब दिसत नाही का?"

"साहेब राहू द्या. मला तुम्हाला पाहायचं आहे."

वसंतभाऊ गडबडले. "थांब, थांब. शर्ट घालतो," म्हणाले आणि खरंच आत गेले. बाहेर आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, वरचं बटण लावून, केसांवर पाण्याचा हात फिरवून. मग फोन दोन्ही हातांनी समोर धरून बसले. पुढचं मी ऐकलं नाही. वहिनी आणि मी साहेबाची परात उचलून आत नेली. त्या दिवशी वहिनींनी पहिल्यांदा त्याला हात लावला.

शेपटीची कातडी त्यानंतर कधीतरी पाण्यात आपली आपण निघाली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ नळी, पाण्यावर तरंगत असलेली. टोक खाली शाबूत होतं, गुलाबीसर आणि कोवळं. डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहून कापायची गरज नाही असं कळवलं, तेव्हा वसंतभाऊ जिन्यात भेटेल त्याला मोबाईल दाखवत सुटले. पोस्टमननंही ती शेपटी पाहिली.

दसऱ्यानंतर केतकीनं पुण्यात दुसरं घर घेतलं, भाड्याचंच, पण तिथल्या मालकिणीला मगर चालणार होती. बिस्किटला घेऊन तुम्ही दोघं या, असं ती म्हणाली. वसंतभाऊंनी अडत पुतण्यावर सोपवली आणि एक गाडी ठरवली.

ते तिकडून परत आले नाहीत. थंडीत तिथेच, केतकीच्या घरी, झोपेत गेले. वहिनी आता तिच्याकडेच असतात. कधी फोनवर सांगतात की शेवटचे दिवस फार सुखाचे गेले, सकाळी केतकी आणि ते मिळून साहेबासाठी भाजी चिरायचे. ऐकताना बरं वाटतं, आणि रडूही येतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निघायच्या सकाळी, गेटपाशी. ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं होतं. गाडीच्या सगळ्या काचा बंद आणि एसीही बंद. ड्रायव्हर घामानं निथळत होता, वहिनी वर्तमानपत्रानं वारा घेत होत्या. मागच्या सीटवर वसंतभाऊ, मांडीवर साहेबाचं खोकं. कपाळावरून घाम नाकावर येऊन टपकत होता, पण चेहरा लग्नाला निघालेल्या माणसाचा.

मी काचेवर टकटक केलं. त्यांनी ती बोटभर खाली केली.

"भाऊ, एसी तरी लावा. शिजाल सगळे."

"साहेबाले थंड जमत नाही जी."

"बरं. किती दिवस राहणार पुण्याला?"

"केतूले इचारतो न जी," ते म्हणाले. "ती म्हणन तेवढे."

आणि साहेबाला वारा लागू नये म्हणून काच पुन्हा वर केली.